नेट प्राइस कॅल्क्युलेटर: आऊट-ऑफ-स्टेट सरकारी विद्यापीठासाठी कितपत भरवशाचा?

अमेरिकेत फेडरल (केंद्र सरकारच्या) मदतीस पात्र असलेल्या प्रत्येक कॉलेजला ऑक्टोबर २०११ पासून स्वतःच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावाच लागतो. तो फुकट असतो आणि त्याचा अर्जावर काही परिणाम होत नाही. कागद हाताशी असले तर अर्ध्या तासात आकडा मिळतो. एकूण खर्चातून ग्रँट (परत न करायची मदत) आणि स्कॉलरशिप वजा जाता घराला किती भरावे लागेल, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा असते. दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाच्या बाबतीत हे उत्तर काही ठिकाणी अगदी जवळपास बरोबर येते, तर काही ठिकाणी त्याचा काहीच उपयोग नसतो. फरक का पडतो ते आधी समजून घेतले, तर अर्जांची यादीच बदलते.

आधी कॅल्क्युलेटर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. सरकारने दिलेला साधा साचा वापरणारी विद्यापीठे कुटुंबातली माणसे, उत्पन्नाचा गट, राहण्याची सोय अशा मोजक्याच गोष्टी विचारतात. बचत आणि गुंतवणूक विचारत नाहीत. उत्तर म्हणून ते जुन्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या ग्रँटचा ठोकळ आकडा दाखवतात, तो तुमचा नसतो. तपशीलवार कॅल्क्युलेटर टॅक्स रिटर्न, खात्यातल्या शिलका, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) आणि एसएटी (प्रवेशपरीक्षा) विचारतो. जीपीए विचारला नसेल, तर उत्तरात तुमच्या मुलाचे मेरिट (गुणांवर मिळणारी स्कॉलरशिप) धरलेले नाही असे समजा. खर्च कोणत्या शैक्षणिक वर्षाचा आहे, रहिवासाच्या रकान्यात ‘आऊट-ऑफ-स्टेट’ निवडले आहे का आणि शेवटच्या आकड्यातून कर्ज व वर्क-स्टडी (शिकताना केलेल्या कामाची कमाई) हेही वजा केले आहे का, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय तो आकडा कुठेही लिहून ठेवू नका. कर्ज वजा करून दाखवलेली ‘किंमत’ ही किंमत नव्हे.

कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी वेबसाइटवरच्या सरासरी नेट प्राइसवर मात्र अजिबात विसंबू नका. सरकारी विद्यापीठांसाठी तो आकडा फक्त इन-स्टेट, म्हणजे त्याच राज्यातल्या रहिवाशांची फी भरणाऱ्यांचा असतो. न्यू जर्सीतल्या घराने मिशिगन विद्यापीठाचा तो आकडा पाहून आशा धरली, तर प्रवेशाचे पत्र आल्यावर धक्का बसतो. तिथली ‘गो ब्लू गॅरंटी’ ही मोफत ट्यूशनची योजनाही मिशिगनच्या रहिवाशांसाठीच आहे.

गरजेवर आधारित मदतीसाठी कॅल्क्युलेटर खरोखर उपयोगी पडतो तो प्रामुख्याने व्हर्जिनिया विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायनाचे चॅपल हिल इथे. ही दोन्ही विद्यापीठे वेळेत अर्ज करणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्याचीही सिद्ध झालेली पूर्ण गरज भागवतात. फाफ्सा या सरकारी मदत-अर्जाबरोबर सीएसएस प्रोफाइल हा जास्त तपशिलाचा अर्ज भरावा लागतो. त्याची फी पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर, आणि कुटुंबाचे उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असेल तर माफ. याच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया विद्यापीठ समूह आहे. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर जादा ट्यूशन लागते आणि ती भरायला विद्यापीठाची गरजेवरची ग्रँट मिळत नाही.

उरलेली बहुतेक सरकारी विद्यापीठे या दोन टोकांच्या मध्ये येतात आणि खरी फसगत तिथेच होते. समजा वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर आणि फाफ्साचा स्टुडंट एड इंडेक्स (घराची ऐपत दाखवणारा, सूत्राने काढलेला आकडा) २५,००० आला. कागदावर गरज ३५,००० ची झाली, पण ती भागवायची जबाबदारी विद्यापीठाने घेतलेली नाही. एवढ्या इंडेक्सवर पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची फेडरल ग्रँट) मिळत नाही. पहिल्या वर्षी मुलाच्या नावे ५,५०० चे फेडरल कर्ज मिळते. १५,००० चे मेरिट मिळाले, तरी घराने ३९,५०० उभे करायचे. पूर्ण गरज भागवणाऱ्या विद्यापीठात उलटे होते. तिथे वरून स्कॉलरशिप आली की सहसा आधी कर्ज व वर्क-स्टडी आणि मग ग्रँट कमी होते, घरचा वाटा तसाच राहतो. म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या एड ऑफिसला ‘मेरिट मिळाल्यावर नीड ग्रँट कमी करता का?’ हा प्रश्न लेखी विचारून ठेवावा. कॅल्क्युलेटर याचे उत्तर देत नाही.

दोघेही आयटीत नोकरी करणाऱ्या मराठी घरांत इंडेक्स बहुधा एकूण खर्चाच्या वरच जातो. त्यांच्यासाठी मेरिट हाच रस्ता, आणि इथे कॅल्क्युलेटरपेक्षा विद्यापीठाचे स्कॉलरशिपचे पान जास्त खरे बोलते. अलाबामा विद्यापीठ जीपीए आणि एसएटी-एसीटीच्या गुणांवर परराज्यातल्यांना ठरलेली रक्कम देते. तक्ता उघडा असतो, मात्र दरवर्षी बदलतो, तेव्हा आपल्याच प्रवेशवर्षाचा पाहावा. टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर इन-स्टेट दराने फी लावता येते. अशा सवलतींची संख्या मर्यादित असते, पण १,००० डॉलरच्या त्या पत्राची खरी किंमत वर्षाला कितीतरी हजारांची होऊ शकते. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या मुलांसाठी वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज आहे: फी इन-स्टेटच्या जास्तीत जास्त १५० टक्के. काही विद्यापीठे त्यातून ठरावीक शाखा वगळतात, म्हणून आपल्या शाखेचे नाव यादीत शोधावे. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून अनेक वर्षे ट्यूशन गोठवलेली ठेवली, अशा ठिकाणी चार वर्षांचा हिशेब मांडणे सोपे जाते. मेरिटसाठी अर्जाची तारीख नेहमीच्या मुदतीच्या आधीची असते, अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर. ती चुकली की गुण कितीही असोत, फारसे काही हाती लागत नाही.

भारतातली मालमत्ता हा आपल्या लोकांचा हमखास चुकणारा रकाना. राहते घर आणि निवृत्तीची खाती फाफ्सात धरत नाहीत. पुण्यातला दुसरा फ्लॅट आणि बँकेतल्या एफडी मात्र धरतात. फ्लॅटची आजची किंमत वजा त्यावरचे कर्ज, अशी रक्कम लिहायची. पालकांच्या मालमत्तेवर कमाल ५.६४ टक्के लागतात, म्हणजे दीड लाख डॉलरच्या फ्लॅटने इंडेक्स वर्षाला सुमारे ८,४६० डॉलरपर्यंत वाढू शकतो. तेच पैसे मुलाच्या नावावर असतील तर २० टक्के. कॅल्क्युलेटरमध्ये हा आकडा गाळला तर उत्तर गोड येते आणि खरा फॉर्म भरल्यावर बिघडते. ‘एकाच वेळी किती मुले कॉलेजात?’ असे विचारून कॅल्क्युलेटर किंमत कमी दाखवत असेल तर सावध राहा. २०२४-२५ पासून फेडरल सूत्रातून ती सवलत गेली आहे. सीएसएस वापरणारी काही कॉलेजे ती अजून देतात.

एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी धारकांच्या) मुलांनी गरजेवरच्या मदतीचा आकडा सोडून द्यावा. फेडरल मदत त्यांना मिळत नाही, आणि पूर्ण गरज भागवण्याचे आश्वासनही नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि पात्र बिगरनागरिकांपुरते असते. मेरिट अनेक ठिकाणी त्यांना खुले असते. टेक्सासचा १,००० डॉलरचा नियमही परदेशी नागरिकांना लागू होतो.

आलेला आकडा चारने गुणून थांबू नका. फीवाढ धरा, मेरिट टिकवायला किती जीपीए राखावा लागतो ते पाहा. बऱ्याच ठिकाणी ही अट ३.० ची असते, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ती अनेकांची हुकते. उरलेली दरी पॅरेंट प्लस या पालकांच्या नावे मिळणाऱ्या फेडरल कर्जाने भरू असा बेत असेल, तर जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना त्यावर एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. निकालाचे पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा. एड ऑफर त्यापेक्षा खूप कमी आली, तर कोणत्या रकान्यामुळे फरक पडला हे विचारायला तेच पान एड ऑफिसपुढे ठेवता येते.