अल्कलाइन पाण्याचं मशीन: आठ महिने वापरून

वेंगुर्ल्यात शेजाऱ्यांकडे विक्रेत्याने अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, पाणी बनवणाऱ्या मशीनचा डेमो दिला. थेंब टाकताच ग्लासातलं पाणी निळं झालं, 'रक्तातलं आम्ल धुऊन निघतं' म्हणाला, आणि सासऱ्यांनी काजूबियांचे आलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले.

मशीन नीट चालतं, पाण्याची चवही बरी लागते. पण हे पाणी आधी पोटात जातं, आणि तिथल्या आम्लाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) असतो दोनच्या आसपास, म्हणजे पाण्याचा अल्कलाइनपणा तिथेच संपतो. रक्ताचा ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडांमुळे. आम्ल वाढलं की श्वास खोल आणि जलद होतो, कार्बन डायऑक्साइड मिनिटांत बाहेर पडतो. मूत्रपिंडांचं काम सावकाश, तासांचं नि दिवसांचं: बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) राखायचं, आम्ल लघवीवाटे टाकायचं.

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, मूत्रपिंडंच अधू आहेत. डॉक्टरांनी रक्तातलं आम्ल कमी करणाऱ्या सोडाबायकार्बच्या (सोडियम बायकार्बोनेटच्या) गोळ्या दिल्या होत्या. विक्रेता म्हणाला, आता गोळ्या कशाला? बाबांनी तीन आठवडे बंद केल्या. मग एक दिवस खळ्यात बसल्या बसल्या त्यांना धाप लागलेली मी पाहिली, जेवणही सुटलं होतं. तपासणीत बायकार्बोनेट १६ आलं, हवं २२ ते २६. ते पान हातात धरून मी दवाखान्याच्या बाकावर रडले. गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर महिन्याभराने २१ झालं.

पाणी गोड हवं तर आमच्या विहिरीचं आहेच. मशीनला एक तारा. घरात किडनीचा पेशंट असेल तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.