चक्रीय कार्यकारणभाव शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम: उदाहरणे सरस, विलंबाचा धडा आटोपता

परिणामच उलटून आपल्या कारणावर काम करू लागला, की आपण ‘कोंबडी आधी की अंडे’ म्हणून विषय सोडून देतो. ही सवय मोडण्याचे काम मी नुकताच पूर्ण केलेला हा छोटा अभ्यासक्रम बऱ्यापैकी करतो.

त्यातला सर्वांत उत्तम धडा वाफेच्या इंजिनाचा आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ साली इंजिनाला जोडलेल्या गव्हर्नरमध्ये, म्हणजे वेग आपोआप काबूत ठेवणाऱ्या यंत्रणेत, फिरत्या दांड्याला दोन गोळे टांगलेले असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन वर उचलले जातात, त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप आवळते, वाफ कमी पडल्याने वेग उतरतो आणि गोळे खाली येताच झडप पुन्हा उघडू लागते. ॲनिमेशन इतके संथ आहे की वेग हे कारण की परिणाम, हा प्रश्नच गळून पडतो.

याउलट स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधूनच बाहेर पडतो आणि क्षणात कर्कश शिट्टी घुमते, तेव्हा फीडबॅक, म्हणजे परिणामाचे आपल्या कारणाकडे परतणे, ‘पॉझिटिव्ह’ असतो: बदल आवरला न जाता वाढतच जातो. अभ्यासक्रमात याला ‘सकारात्मक’ म्हटले आहे, आणि ‘सकारात्मक’ म्हणजे चांगले असे वाटून, त्या शब्दापायी प्रश्नमंजूषेत माझे एक उत्तर चुकले. अशा चक्राला ‘वाढवणारे चक्र’ आणि गव्हर्नरसारख्याला ‘आवरणारे चक्र’ असे साधे शब्द वापरले असते, तर हा घोळ झाला नसता.

खरी तक्रार विलंबाविषयी आहे. शॉवरचा नळ फिरवल्यावर गरम पाणी पोहोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात आपण तो आणखी फिरवतो, चटका बसतो, घाईने उलटा फिरवतो आणि गारठतो. आवरणारे चक्रसुद्धा असे हेलकावे खाऊ लागते. गव्हर्नरच्या बाबतीत ही डोकेदुखी खरोखरच होती, आणि त्याच्या स्थैर्याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली मांडले. एवढ्या महत्त्वाच्या मुद्द्याला येथे जेमतेम दोन मिनिटे मिळतात.

शेवटचा स्वाध्याय मात्र चुकवू नये. त्यात कारणाकडून परिणामाकडे बाण काढून चक्राची आकृती करायची; दोन गोष्टी एकाच दिशेने बदलत असतील तर बाणावर अधिक, उलट दिशेने बदलत असतील तर उणे लिहायचे. चक्रातील उण्यांची संख्या विषम आली तर चक्र आवरणारे, सम आली तर वाढवणारे. मी स्वतःच्या निद्रानाशाचे चक्र काढले: काळजी वाढली की झोप कमी, झोप कमी झाली की काळजी जास्त. दोन उणे आले.