उन्हाळी भाजीची रोपं: डिसेंबरात घरात, संक्रांतीनंतर बाहेर, की नर्सरीतून?

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरते त्या सुमारास खान्देशात थंडी खरी अंगावर येते. परसबाग किंवा गच्चीवर भाजी करणाऱ्यांपुढे तेव्हाच प्रश्न उभा राहतो. उन्हाळी टोमॅटो, मिरची, काकडी, टरबूज यांचं बी आत्ताच घरात पेरायचं, की संक्रांत होऊन गारठा ओसरेपर्यंत थांबून सरळ वाफ्यात टाकायचं? तयार रोपं विकत आणायचा मार्गही आहेच. या तिन्हींतला एकच कुठलातरी बरोबर आणि बाकीचे चूक, असं नाही. टोमॅटोला जे लागू पडतं ते भेंडीला अजिबात लागू पडत नाही, त्यामुळे निवड पीक पाहूनच करावी लागते.

परक्या मुलखाचा हिशोब इथे का बसत नाही

घरात रोपं करण्याची बरीचशी माहिती आपल्यापर्यंत येते ती बर्फाळ देशांतून. तिथला हिशोब सोपा आहे. दव गोठवणारी शेवटची रात्र साधारण कधी येते ते ठरवायचं आणि तिथून मागे मोजायचं. टोमॅटो सहा ते आठ आठवडे आधी, मिरची आठ ते दहा आठवडे आधी, काकडी-टरबूज तीन ते चार आठवडे आधी घरात पेरायचे. त्यांच्या हंगामाची अडचण सुरुवातीला असते. दव गोठायचं थांबल्याशिवाय रोप बाहेर नेता येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सपाटीवर अडचण शेवटाला आहे. रात्री कितीही गार असल्या तरी डिसेंबरातली दुपार सहसा 27-28 अंशांची असते. खरी भिंत उभी राहते एप्रिलमध्ये. पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात 44-45 पर्यंत जातो. टोमॅटोचं फूल त्याच्या बरंच आधी हार मानतं. दिवस 35 अंशांच्या वर जायला लागला आणि रात्री बाविशीखाली उतरेनाशा झाल्या की पराग निकामी होतात, फूल पिवळं पडून गळतं. झाड हिरवंगार दिसतं, पण फळ धरत नाही.

म्हणून आपण मागे मोजायचं ते उन्हाच्या तडाख्यापासून. टोमॅटोची बहुतेक फळं मार्च संपायच्या आत धरलेली हवीत. त्यासाठी फुलं फेब्रुवारीअखेर हवीत, म्हणजे रोप जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जमिनीत गेलेलं हवं. चार-साडेचार आठवड्यांचं रोप धरलं तर पेरणी येते 20 ते 25 डिसेंबरला. नेमकी तीच वेळ बी उगवायला सगळ्यात वाईट! घरात पेरण्याचा विचार खान्देशात करावा लागतो तो या कात्रीमुळे.

बी किती दिवसांत उगवतं

थंडीत बी मरत नाही, खोळंबतं. किती खोळंबतं ते मातीच्या तापमानावर असतं. सर्वसाधारण आकडे असे (दिवसांत):

| पीक | 15 अंश | 20 अंश | 25 अंश |
|---|---|---|---|
| टोमॅटो | 14 | 8 | 6 |
| मिरची | 25 | 13 | 8 |
| काकडी | 13 | 6 | 4 |
| टरबूज | उगवत नाही | 12 | 5 |
| भेंडी | 27 | 17 | 13 |

मिरचीची ओळ नीट पाहा. दहा अंशांच्या फरकाने सतरा दिवस जातात. एवढे दिवस ओल्या गार मातीत पडलेलं बी निम्मं कुजतं, आणि उरलेलं मागेपुढे उगवतं. धुळ्यात थंडीची लाट आली की पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात. तशा आठवड्यात उघड्या वाफ्यात मिरची टाकणं म्हणजे बी वाया घालवणं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. रात्री दहा अंशांखाली गेल्या की केळीची वाढ थबकते, म्हणून बागेला रात्री पाणी देतात, कडेने धूर करतात. रोपांचं दुखणं तेच आहे, फक्त रोप इतकं लहान असतं की त्याला उचलून घरात आणता येतं.

घरात, म्हणजे रात्रीपुरतं घरात

बर्फाळ देशांत हिवाळ्याचा दिवस लहान आणि सूर्य क्षितिजालगत, म्हणून त्यांना दिवे लावावे लागतात, ट्रेखाली गरम चटई घालावी लागते. आपल्याकडे डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो आणि आकाश निरभ्र असतं. सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने दक्षिणेकडचा ओटा, गॅलरी किंवा खिडकी दुपारभर उन्हात असते. दिव्याचा खर्च करायचं काहीच कारण नाही. रोपांचा ट्रे सकाळी नऊ-साडेनऊला, ऊन अंगावर घ्यावंसं वाटायला लागलं की बाहेर ठेवायचा आणि दिवे लागणीच्या आधी आत आणायचा. एवढंच करायचं, पण ते रोज करायचं. एक रात्र ट्रे बाहेर राहिला तर सहसा रोप मरत नाही, पण लाटेच्या रात्री पानं काळवंडतात आणि वाढ आठवडाभर मागे पडते.

पहिले सहा-आठ दिवस गोष्ट वेगळी. बी उगवेपर्यंत त्याला उजेड नको, ऊब हवी. स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीवर, चूल असेल तर चुलीजवळच्या भिंतीशी, नाहीतर फ्रिजवर ट्रे ठेवावा आणि वरून प्लास्टिकचा कागद घालावा. गावाकडे टरबूज-गिलक्याचं (घोसाळ्याचं) बी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायची पद्धत आहे. ती आजही सगळ्यात भरवशाची. मोड दिसला की मातीत. मात्र कोंब वर आल्याचं दिसलं की त्याच दिवशी कागद काढून ट्रे उन्हात न्यायचा. दोन दिवस अंधारात जास्त राहिली की रोपं लांबट, पांढुरकी होतात आणि मग कितीही ऊन दिलं तरी सुधारत नाहीत.

घरातल्या रोपांना जीवघेणी ठरते ती थंडी नाही, ओल आहे. बुंध्याशी पाणचट डाग पडून रोपं माना टाकतात, कोलमडतात. यावर उपाय सोपे आहेत: पाणी सकाळीच, तेही कोमट आणि बेताचं, कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं, जमलं तर त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी). संध्याकाळी पाणी देऊन ट्रे आत आणायचा हा प्रकार पूर्ण बंद. कच्चं शेणखतही ट्रेमध्ये नको.

दिवसा बाहेर, रात्री आत या फेऱ्यांचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. रोप वारा आणि ऊन खातच वाढतं. थंड देशांत घरातलं रोप शेवटी आठवडाभर हळूहळू बाहेरच्या हवेला सरावायला लागतं. आपलं आधीच काटक झालेलं असतं. लावणीच्या आधी चार दिवस पाणी थोडं तोडलं आणि रात्रीही बाहेर ठेवलं की झालं.

बाहेर, पण झाकून

संक्रांतीनंतर सरळ वाफ्यात पेरणं कष्टाला सगळ्यात कमी. ट्रे नाही, रोजची ने-आण नाही, मुळं दुखावत नाहीत. टोमॅटोपुरतं बोलायचं तर नुकसान तारखेचं आहे. पंधरा-सतरा जानेवारीला पेरलेलं बी महिनाअखेर उगवणार, रोप मार्चच्या तोंडावर लावणीला येणार आणि फुलं येणार एप्रिलमध्ये. तेव्हा फूलगळ ठरलेली. शेडनेट लावून थोडी कमी होते, थांबत नाही.

टरबूजवाले शेतकरी याच अडचणीवर जमिनीतच तोड काढतात. मल्चिंग पेपर (माती झाकायचं प्लास्टिक) अंथरून जानेवारीत, काहीजण डिसेंबरातही लागवड करतात आणि वरून पांढरं क्रॉप कव्हर (पिकावर पांघरायचं हलकं कापड) घालतात. परसबागेत याची छोटी नक्कल जमते. काड्यांच्या कमानी करून त्यावर कव्हर किंवा जुनं पातळ लुगडं रात्री पांघरायचं, सकाळी काढायचं. वेलींसाठी हा मार्ग मला ट्रेपेक्षाही बरा वाटतो, कारण वेलीच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही. फक्त जागा दिवसभर उन्हाची हवी. भिंतीच्या उत्तरेला सावलीतला वाफा असेल तर कव्हरचा उपयोग नाही, माती तापतच नाही.

नर्सरीची रोपं

नर्सरीवाल्याकडे पॉलिहाऊस असतं, 98 किंवा 104 खणांच्या ट्रेमध्ये एकसारखी रोपं तयार होतात आणि जानेवारीअखेर तुम्हाला हवी तेव्हा मिळतात. ज्यांना रोज सकाळ-संध्याकाळ घरी असणं शक्य नाही त्यांनी दुसरा विचार करू नये, रोपं विकत घ्यावीत. पाच-सहा टोमॅटो आणि तितक्याच मिरच्या लावायच्या असतील तरीही तेच सोयीचं.

अडचण वाणाची. नर्सरीत चालतात ते बाजारासाठीचे संकरित वाण. घरचं जपलेलं मिरचीचं बी, आजीने राखेत घोळून ठेवलेलं गिलक्याचं बी, बामणोदकडच्या भरताच्या वांग्याचं बी हवं असेल तर रोप स्वतःच करावं लागतं. (भरताच्या वांग्याची घाई मात्र हिवाळ्यात करू नका. त्याची पेरणी जून-जुलैची. थंडीत भरीत खायचं तर वांगं पावसाळ्यात लावलेलं असावं लागतं.) आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. पॉलिहाऊसमधून थेट आलेलं रोप कोवळं असतं. आणल्या दिवशीच लावू नये. तीन-चार दिवस ओट्यावर, रात्री आडोशाला ठेवून मग लावावं, संध्याकाळी लावावं आणि आंबवणी-चिंबवणीची (लावणीनंतरची पहिली-दुसरी) पाणी चुकवू नयेत.

तर कशाला काय

टोमॅटो: घरात, 20 ते 25 डिसेंबर. या पिकात आठवड्याच्या उशिराची किंमत थेट फळांत मोजावी लागते, म्हणून घरात पेरण्याची मेहनत सगळ्यात जास्त इथेच फळते. जमत नसेल तर जानेवारीअखेर नर्सरीचं रोप. थेट पेरणी नको.

मिरची आणि उन्हाळी वांगी: घरात, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मिरचीचं रोप 40-45 दिवस घेतं, म्हणून टोमॅटोच्या आधी. पण मिरची उन्हाळ्यात फुलं गाळूनही तग धरते आणि पावसाळ्यात पुन्हा लागते, वांगं तर ऊन बऱ्यापैकी सोसतं. त्यामुळे थोडा उशीर झाला तरी हंगाम बुडत नाही. नर्सरी आणि घर यांत इथे वाणावरून ठरवावं.

काकडी, टरबूज, खरबूज, गिलके, कारले: यांना डिसेंबरात घरात पेरू नका. बी भराभर उगवतं, पंधरा-वीस दिवसांत वेल ट्रेबाहेर पसरतो आणि बाहेर अजून जानेवारीचा गारठा असतो. ते अडकून पडलेलं रोप पुढे कधीच जोर धरत नाही. संक्रांतीला कागदी कपात दोन-दोन बिया, दोन खरी पानं आली की फेब्रुवारीच्या सुरुवातीला कपासकट मातीत. नाहीतर रथसप्तमीच्या आसपास कव्हराखाली थेट टोकण (बी हाताने जागेवरच टोचून पेरणं). दोन्हींत आठवडाभराचाच फरक पडतो. तुमच्याकडे चार-पाचच वेल असतील तर कप, त्याहून जास्त असतील तर टोकण, आणि नांगे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला चार कप हाताशी. टरबूज पेरणीपासून 75 ते 90 दिवसांत येतं, म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास घरचं फळ कापता येतं.

भेंडी, गवार, चवळी: यांच्यासाठी ट्रे हातातही घेऊ नका. सोटमूळ खोल जातं, उपटलेलं आवडत नाही, आणि उन्हाची भीतीही नाही. फेब्रुवारीत बी रात्रभर भिजवून जागेवरच पेरा.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांचा इथे प्रश्नच नाही. ती थंडीचीच भाजी, बाहेरच पेरायची.

सातपुड्यात वेगळं

धडगाव, मोलगी, तोरणमाळ इकडच्या वाचकांनी वरच्या तारखा जशाच्या तशा घेऊ नयेत. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे आणि तिथे थंडीच्या लाटेत गवतावरचं दव गोठतं. थंड देशांचा हिशोब खान्देशात कुठे लागू पडत असेल तर तो इथे. दव गोठायचं थांबलं की मगच रोप बाहेर, आणि पेरणी तिथून मागे मोजून. टोमॅटो जानेवारीच्या मध्यावर घरात पेरून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लावला तरी चालतो, कारण तिथला उन्हाळा सपाटीइतका भाजत नाही आणि फुलांना एप्रिलमध्येही वाव मिळतो. वेलींची टोकण फेब्रुवारीअखेर.

आणि सपाटीवर असूनही फेब्रुवारी उजाडेपर्यंत हे सगळं राहून गेलं असेल, तर टोमॅटोच्या मागे लागू नका. ती जागा गिलके, भेंडी आणि गवारीला द्या. टोमॅटोचं बी डबाबंद करून कोरड्या, गार जागी ठेवा आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर पेरा. तेव्हा त्याला ना ट्रे आत नेण्याची गरज, ना उबेची.