हीट पंप वॉटर हीटर: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

विजेचा जुना गिझर काढून त्याच्या जागी १५० लिटर टाकीचा हीट पंप वॉटर हीटर बसवला, त्याला आता एक पूर्ण हिवाळा आणि एक पूर्ण उन्हाळा झाला. घरात आम्ही चौघं. एवढ्या महिन्यांत यंत्राची बलस्थानंही कळली आणि मर्यादाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: यंत्र उत्तम आहे, पण सावकाश काम करणारं आहे. हा सावकाशपणा ज्या घराला मानवेल त्यांनी जरूर घ्यावं.

साध्या गिझरमधली कॉइल वीज घेते आणि तिची उष्णता करते. एक युनिट वीज दिली की फार तर एक युनिट उष्णता मिळणार, कंपनी कुठलीही असो. हीट पंप उष्णता तयार करत बसत नाही. तो भोवतालच्या हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्यात नेऊन सोडतो, म्हणजे उलट्या दिशेने चालणारा फ्रिजच. पंखा हवा आत ओढतो, त्या हवेच्या उष्णतेने नळ्यांमधल्या रेफ्रिजरंटची, म्हणजे कमी तापमानालाच उकळणाऱ्या द्रवाची, वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबून आणखी गरम करतो आणि टाकीभोवतीच्या नळीतून ती उष्णता पाण्यात उतरते. वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला. त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात पोचते. या गुणोत्तरालाच सीओपी म्हणतात.

‘नवीन प्रकार आहे, टिकेल का?’ असं मला बरेच जण विचारतात. तत्त्व अजिबात नवीन नाही. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच ही कल्पना मांडली होती, आणि झुरिचच्या नगरभवनात १९३८ पासून लिमाट नदीच्या पाण्यातली उष्णता घेऊन इमारत उबदार ठेवणारा हीट पंप होता. घराघरातले फ्रिज आणि एसी याच तत्त्वावर चालतात.

आता प्रत्यक्ष आकडे. १५० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सव्वापाच युनिट उष्णता लागते. हे साधं भौतिकशास्त्र आहे, त्यात सूट नाही. कॉइलच्या गिझरला तेवढीच वीज लागणार, वर टाकीतून होणारी उष्णतेची गळती वेगळी. सॉकेटला मीटर लावून मी पाहतो, तर गरम दिवसांत तेवढ्याच कामाला हा हीटर दीड युनिटच्या आसपास घेतो. कडाक्याच्या थंडीत आकडा अडीचच्या पुढे जातो. त्याला दोन कारणं आहेत: नळाचं पाणीच जास्त गार येतं आणि हवेतून उष्णता उचलणंही जड जातं. ‘तिप्पट फायदा’ हे वर्षभराच्या सरासरीने खरं आहे, रोजच्या रोज नाही. तरी थंडीतल्या सर्वांत वाईट दिवशीसुद्धा तो जुन्या गिझरच्या निम्म्याहून कमी वीज घेत होता.

सावकाशपणाचं गणितही इथेच आहे. कॉम्प्रेसर जेमतेम सहाशे वॉट घेतो. पूर्ण टाकी तापायला उन्हाळ्यात तीन तास, थंडीत त्याहून बरेच जास्त. बटण दाबलं आणि दहा मिनिटांत आंघोळीला गेलो, हे विसरावं लागतं. टाकी कधी भरून तापवायची हे ठरवून ठेवावं लागतं, आणि माझ्या मते या यंत्राची खरी ताकद तिथेच आहे. आमच्या छतावर सौर पॅनेल आहेत. हीटरचा टायमर मी सकाळी दहा ते दुपारी तीन असा लावलाय. पॅनेल भरात असतात नेमक्या त्याच वेळी पाणी तापतं, आणि नीट इन्सुलेशन असलेल्या टाकीत ते दुसऱ्या सकाळपर्यंत व्यवस्थित गरम राहतं. पाच युनिटहून जास्त उष्णता त्या टाकीत साठून असते. तेवढी ऊर्जा बॅटरीत साठवायची तर केवढा खर्च येतो याची चौकशी करून बघा. दोन-तीन हजार वॉट ओढणारा गिझर लहान सौर यंत्रणेवर एकदम चालवता येत नाही. सहाशे वॉटचं यंत्र ढगाळ दुपारीही बऱ्याचदा निभावून नेतं.

एक तक्रार मात्र नोंदवतोच. बसवणाऱ्या माणसाने यंत्र ‘हायब्रिड’ मोडवर ठेवून दिलं आणि त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. या मोडमध्ये पाण्याची मागणी वाढली की आतली साधी कॉइलही आपोआप सुरू होते. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या की मीटरवर सहाशेचे एकदम दोन हजारांवर वॉट दिसायचे. मोड बदलून फक्त हीट पंपवर आणल्यावर ते थांबलं. तुमच्याकडे बसवायला येतील तेव्हा त्यांच्यासमोरच हे सेटिंग तपासून घ्या.

जागेचा विचार खरेदीच्या आधी करा. हीटर ज्या हवेतून उष्णता घेतो ती हवा गार होते. लहान बंद खोलीत ठेवला तर तो स्वतःचीच हवा थंड करत बसतो आणि वीज जास्त खातो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मार्गदर्शनात भोवती किमान १,००० घनफूट हवेची मोकळीक असावी असं म्हटलंय, आणि माझ्या अनुभवात ते रास्त आहे. आमचा हीटर मागच्या हवेशीर गॅलरीत आहे. उन्हाळ्यात तिथे येणारा गार झोत हवाहवासा वाटतो, थंडीत तिथे कोणी उभं राहत नाही. दमट हवेत खालच्या नळीतून थेंब थेंब पाणी सतत गळतं. तो बिघाड नव्हे, थंड नळ्यांवर हवेतली वाफ जमून झालेलं पाणी आहे ते. त्यासाठी निचऱ्याची नळी आधीच काढून घ्यावी. पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा आवाज येतो. झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावू नये.

तापमान मी ५२ अंशांवर ठेवतो. जितकं जास्त ठेवाल तितका सीओपी घसरतो. पण फार कमी ठेवणंही बरं नाही, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात. ६० अंशांवर ते टिकत नाहीत. आमच्या यंत्रात आठवड्यातून एकदा पाणी ६० च्या वर नेण्याची सोय आहे, ती चालूच ठेवलीय. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपवर फोमचं आवरण चढवलं, तो फरक थंडीत नळ सोडताच जाणवतो. फारच किरकोळ काम आणि बहुतेक लोक तेच टाळतात.

रेफ्रिजरंट कोणता आहे ते विचारून घ्या. अनेक यंत्रांत आर-१३४ए असतो. तो गळला तर वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींनी तापमानवाढ करतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम त्यापुढे नगण्य आहे. तो ज्वलनशील आहे, त्यामुळे बसवण्याचे नियम काटेकोर पाळावे लागतात. माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार आर-१३४ए सारखी रसायनं जगभर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय. मिळत असेल तर आर-२९० चंच घ्या.

‘वीज कोळशाची, मग कसली आली स्वच्छ ऊर्जा?’ हा प्रश्न रास्त आहे. कोळशाच्या केंद्रात जळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज बनते. तीच वीज कॉइलमध्ये घालून पुन्हा उष्णता करायची म्हणजे दोन तृतीयांश वाटेतच गेली. हीट पंप ती तूट जवळपास भरून काढतो. शिवाय पवन आणि सौर वीज वाढत जाईल तसं भिंतीवरचं हेच यंत्र आपोआप स्वच्छ होत जातं. गॅस गिझर मात्र पहिल्या दिवशी जेवढा धूर करतो, दहा वर्षांनीही तेवढाच करणार. इमारतींच्या वापरात जगाच्या एकूण अंतिम ऊर्जेपैकी साधारण ३० टक्के जाते, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते. त्यात पाणी तापवणं हा मोठा वाटा आहे, आणि दिव्यांबद्दल आपण जेवढं बोलतो त्याच्या पावपटही याबद्दल बोलत नाही. मला हे फार खटकतं.

घेऊ नये अशीही घरं आहेत. एकटा माणूस, पाण्याचा वापर थोडा, भाड्याचं घर, तर टाकीभर पाणी तापवून ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःचं मोकळं छत आणि भरपूर ऊन असेल तर साधा सोलर वॉटर हीटर आधी बघा, त्यात कॉम्प्रेसरच नसतो. आणि पाणी जड असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी काढून पाहा. टाकीऐवजी गंज तो स्वतःवर घेतो, आणि पूर्ण झिजला की त्यानंतर टाकीच गंजायला लागते. माझा नुकताच काढून पाहिला, निम्म्याच्या आसपास उरलाय.