फुफ्फुसात क्लॉट: नुसतं ब्लड थिनर, विरघळवायचं इंजेक्शन की कॅथेटर?

घरातल्या कोणाला पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीत रक्ताची गाठ (क्लॉट), झालंय आणि डॉक्टर विचारतायत "कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या नळीने) क्लॉट काढायचा का?", त्यांच्यासाठी हे लिहितेय. ठरवायला वेळ थोडा असतो, म्हणून आधी दोनच गोष्टी विचारा, बीपी टिकलंय का आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलाय का, पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

बीपी नीट, टूडी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) उजवी बाजू ठीक, ट्रोपोनिन (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, तर नुसतं ब्लड थिनर, म्हणजे हेपरिनचं इंजेक्शन किंवा ॲपिक्सॅबान, रिव्हारोक्सॅबानसारखी गोळी पुरते. ही औषधं गाठ वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीरच करतं. अशा पेशंटला कोणी कॅथेटर सुचवलं तर कशासाठी, ते स्पष्ट विचारा, लाजू नका.

उलट वरचं बीपी 90 च्या खाली आणि पेशंट शॉकमध्ये असेल तर शिरेतून विरघळवायचं औषध, अल्टेप्लेज 100 मिलिग्रॅम दोन तासांत किंवा टेनेक्टेप्लेजचा एकच डोस. आयसीयूत लगेच सुरू करता येतं, कॅथलॅब (एक्स-रेखाली नळ्या घालायची खोली) लागत नाही, हा मोठा फायदा. पण ते अख्ख्या अंगात फिरतं, त्यामुळे नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय किंवा आधी मेंदूत रक्तस्राव झालाय तर धोका फार, तिथे कॅथेटर किंवा सर्जरीचा विचार होतो.

खरा गोंधळ मधल्या पेशंटचा, म्हणजे बीपी ठीक पण उजवं हृदय फुगलेलं. 2014 च्या पेइथो ट्रायलमध्ये अशा हजारभर पेशंटमध्ये टेनेक्टेप्लेजमुळे अचानक ढासळणं कमी झालं, पण स्ट्रोक 2.4 टक्के लोकांना झाला आणि नुसत्या हेपरिनवर 0.2 टक्के. म्हणून ते इथे सरसकट देत नाहीत आणि कॅथेटरचा विषय निघतो.

त्यात दोन प्रकार. एकात जांघेतल्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून थेट फुफ्फुसाच्या धमनीत नेतात आणि तेच औषध हळूहळू सोडतात, डोस साधारण पाव किंवा त्याहूनही कमी. दुसऱ्यात औषधच नाही, जाड नळीने, मोठ्यात मोठी जवळपास 8 मिलिमीटरची, गाठ ओढून काढतात. बाहेर येतात ते काळपट लाल लांबट तुकडे, बऱ्याचदा पायाच्या शिरेच्या आकाराचे, आणि कित्येकदा टेबलावरच ऑक्सिजन सुधारतो. 2024 च्या पीअरलेस ट्रायलमध्ये 550 पेशंटमध्ये दोन्हींची तुलना झाली, ओढून काढलेल्यांमध्ये तब्येत बिघडणं आणि आयसीयूची गरज कमी होती, पण महिन्याभरातल्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही.

माझं मत, मधल्या गटात आधी हेपरिन आणि आयसीयूत बारीक लक्ष, आणि नाडी वाढत चालली, ऑक्सिजन वाढवावा लागतोय, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय याची खूण) चढतंय असं दिसलं की कॅथेटर. रक्तस्रावाचा धोका असेल तर औषधाऐवजी ओढून काढायची पद्धत जास्त पटते. ओढताना थोडं रक्त जातं, जांघेत रक्त साचू शकतं, क्वचित धमनीला किंवा हृदयाला इजाही होते, म्हणून तुमच्या हॉस्पिटलात अशा केसेस नेहमी होतात का ते विचाराच. नळीचं किट महाग असतं, इन्शुरन्सवाल्यांना लगेच कळवा.

पायातल्या डीव्हीटीलाही (खोल शिरेतल्या गाठीलाही) कॅथेटर सुचवतात. 2017 च्या अट्रॅक्ट ट्रायलमध्ये पाय कायमचा सुजका-दुखरा राहण्याचं प्रमाण एकंदरीत कमी झालं नाही, त्यामुळे तिथे घाई नको, पाय निळा पडून धोक्यात आला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि कॅथेटरने गाठ निघाली तरी ब्लड थिनर किमान तीन महिने घ्यावंच लागतं. तीन महिन्यांनीही जिना चढताना दम लागत असेल तर परत एको आणि व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) करून घ्या.