आईचं कृत्रिम कोपर : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुडघा बदललेली माणसं आता घरोघरी आहेत. कोपर बदललेलं मात्र आम्हाला विचारायलासुद्धा कुणी सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आईचं वय ७६. उजव्या हातावर पडली आणि दंडाच्या हाडाचा कोपराकडचा भाग चुरला. तुकडे प्लेट-स्क्रूंनी जोडायचे की सांधाच बदलायचा, हे ठरवायचं होतं. सीटी स्कॅनमध्ये तुकडे फार बारीक दिसत होते, हाडही ठिसूळ. अशा हाडात स्क्रूला पकड मिळत नाही. कॅनडात ६५ वर्षांवरच्या ४२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली होती, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्लेट लावायच्या ठरलेल्यांपैकी पाच जणांचा सांधा ऑपरेशन चालू असतानाच बदलावा लागला होता. हे वाचल्यावर आमचं मन पक्कं झालं.

आता हाताविषयी. दुखणं जवळजवळ नाही. हात पूर्ण सरळ होत नाही, पण रोजच्या बहुतेक कामांना साधारण ३० ते १३० अंशांची हालचाल (पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य अंश) पुरते आणि तेवढी तिला मिळाली. घास तोंडापर्यंत जातो, वेणी घालता येते, निऱ्या स्वतः करते. करंगळी आणि अनामिकेला सुरुवातीला मुंग्या यायच्या. कोपरामागून जाणारी नस दुखावली जाऊ शकते, हे आधीच सांगितलं होतं. आता त्या क्वचितच येतात.

खरी अडचण वजनाची. या हाताने एका वेळी चार-साडेचार किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही आणि वारंवार उचलायचं तर किलोभरच, तेही जन्मभर. आत धातूची बिजागरी आहे, जास्त भाराने ती हाडातून सैल होते. म्हणजे पाण्याची बादली बंद, भरलेला कुकर बंद, दळणाचा डबा बंद. जमिनीवर बसली की हातावर जोर देऊन उठायचं नाही. आयुष्यभर घर एकटीने ओढलेल्या बाईला हे पटायला वेळ लागतो, आणि घरच्यांनाही. आम्ही ओट्यावर छोटी भांडी आणली, पाणी तांब्याने भरायला लागलो. भाकरी ती अजून थापते, परात मात्र दुसरं कुणीतरी उचलतं.

तेल लावून कोपर चोळून द्यायला शेजारपाजारचे तयार असतात. चोळू देऊ नका. कोपर जोर लावल्याने मोकळं होत नाही, उलट आखडतं. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले हलके व्यायाम दिवसातून थोडे थोडे करणं, हेच आईला लागू पडलं.

शेतात राबणाऱ्या, अंगात बळ असलेल्या साठीच्या माणसाला मी हा सांधा सुचवणार नाही. त्यांनी प्लेटने जमतं का ते आधी बघावं. पण प्लेटचं ठरलं तरी सर्जनना एक जरूर विचारा: टेबलावर तुकडे जुळले नाहीत, तर कृत्रिम सांधा त्याच वेळी हाताशी असेल का? आमच्या गावात तो आधी मागवून ठेवावा लागतो.