वैद्यकीय शब्दोच्चारांची ध्वनिमाला: फोड चोख, आघात दुर्लक्षित

ग्रीक मुळांच्या वैद्यकीय संज्ञांचे इंग्रजी उच्चार शिकवणारी ही सशुल्क ध्वनिमाला मी दोनदा ऐकली. ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’त (नेत्रविज्ञान) फ आणि थ दोन्ही उच्चारायचे असतात, आपल्या सवयीचे ‘ऑप्थल’ नव्हे, हे तिने आधी तुकड्यांत आणि मग सलग म्हणून छान पटवले आहे. ‘न्यूमोनिया’च्या आरंभी मूक राहणारा प, ‘अ‍ॅप्निया’त (श्वास थांबणे) शब्दाच्या मध्ये आल्यामुळे ऐकू येतो, हा खुलासाही नेमका आहे.

मात्र अर्थघटकांची फोड आणि उच्चारातील अक्षरे यांची गल्लत खटकते. ‘नेफ्रेक्टमी’ (मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया) अर्थाने ‘नेफ्र’ म्हणजे मूत्रपिंड इथे तुटते, उच्चारात मात्र ने-फ्रेक्-ट-मी अशी; निवेदक ‘नेफ्र’पाशीच थांबतो आणि शब्द अडखळतो. ‘लॉजी’ने संपणाऱ्या शब्दांत आघात (उच्चारातील जोर) शेवटून तिसऱ्या अक्षरावर, तर ‘आयटिस’मध्ये ‘आय’वर पडतो, हा साधा नियम कोठेच सांगितलेला नाही. इंग्रजीत ph असा लिहिला जाणारा प्राचीन ग्रीकमधील ‘फी’ हा वर्ण मुळात ‘फळ’मधल्या महाप्राण फसारखा होता, एवढे सांगितले असते तरी मराठी श्रोत्याला या शब्दांची भीती निम्मी वाटली असती.